फोनला डोळे उघडे लागतात

४ डिसेंबर, बुधवार

रुचिने आज माझ्या फोनमध्ये माझं तोंड भरून दिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभं केलं. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, मम्मी हलू नको, बोलू नको. न बोलणं मला जमेना, म्हणून परत परत करावं लागलं. आता कणकेचे हात पुसून आकडे दाबायला नकोत. फोन समोर धरायचा, तो माणूस ओळखतो आणि उघडतो. दिवसभर मी उगाचच उघडझाक करत बसले. आमच्या सासूबाईंनी, भंवरीबाईंनीही बघून घेतलं. त्यांच्याकडे बघून उघडला नाही तेव्हा भंवरीबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. "मी घरातली मोठी, आणि मलाच नाही ओळखत," म्हणाल्या.

पण पोरगी हे का करून देतेय ते न कळण्याइतकी मी खुळी नाही. जायच्या आधी एकेक काम उरकतेय. गॅसचा नंबर कसा लावायचा, विजेचं बिल कसं भरायचं, सगळं मला शिकवून ठेवतेय.

लिहून ठेवते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. घरी आम्ही मारवाडी बोलतो, पण मी शिकले अंबडच्या मराठी शाळेत, मनातलं लिहायला मला मराठीच लागते. तर आमची एकुलती एक मुलगी, सव्वीस वर्षांची, जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत प्रयोगशाळेत कामाला. तिला दीक्षा घ्यायची आहे. साध्वी व्हायचं आहे. चातुर्मासात रोज जैन स्थानकात महासतीजींच्या, म्हणजे साध्वींच्या, व्याख्यानाला जायची तेव्हा मीच कौतुक करत होते. आता वसंत पंचमीचा दिवस ठरलाय. आई-वडिलांची लेखी आज्ञा असल्याशिवाय दीक्षा देत नाहीत. ह्यांनी सही केली. आज्ञापत्रावर माझी जागा कोरी आहे, आणि ती कोरीच राहणार.

७ डिसेंबर, शनिवार

घरी माणसांची रीघ लागली आहे. जो येतो तो हात जोडून म्हणतो, भाग्यवान आई. चहा करून करून माझे हात दुखले. भाग्यवान आईला रडायला मोरीशिवाय जागा नाही.

ह्यांना विचारलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?" मोंढ्याच्या बाजारात निघाले होते, चप्पल घालता घालता म्हणाले, "एवढं पुण्याचं काम कितीजणांच्या घरी होतं?" आणि गेले. आमच्या गौतमचंदजींना मोंढ्यातही आजकाल फार मान आहे.

मला एकच कळतं. चांगली कमावती, हसती-खेळती पोरगी उगाच घर सोडत नाही. काहीतरी कारण आहे. कुणीतरी आहे, किंवा होता. ते कारण मला सापडलं तर मी सगळ्यांसमोर मांडीन आणि दीक्षा थांबवीन. आणि जे काय आहे ते तिच्या फोनमध्येच आहे, कारण तो फोन ती क्षणभर सोडत नाही. हल्ली तर स्वयंपाकघरातच ओट्यावर फोन ठेवून माझ्या आसपास घुटमळत असते. मी बोलत असते, भाजीवाल्याशी भांडत असते, ती हूं नाही की चूं नाही. कधी म्हणते, "मम्मी, ते अंबडच्या नदीचं परत सांग ना." सांगायला लागलं की हिचा एक डोळा फोनवर. जन्मदात्या आईशी दोन शब्द बोलायचे तर फोन लांब ठेवता येत नाही, आणि म्हणे संसार सोडणार.

११ डिसेंबर, बुधवार

तिचा फोनही तोंड बघूनच उघडतो. मला वाटलं, मग काय अवघड आहे? तोंड तर दिवसभर घरातच फिरतंय.

दुपारी ती जरा आडवी झाली होती. पाय न वाजवता गेले आणि फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरला. फोन थरथरला आणि कुलूप हलवून दाखवलं. परत धरला, परत तेच. मग पडद्यावर अक्षरं आली: डोळे उघडे ठेवा. झोपलेली पोरगी काय नि गेलेली काय, फोनला सारखीच.

आकडेही टाकून बघितले. तिची जन्मतारीख नाही, माझी नाही, आमच्या लग्नाची नाही. चुकत गेलं तसा फोन रुसला आणि थोडा वेळ काही घेईचना. ती उठायच्या आत उशाशी ठेवून आले. काळीज इतकं धडधडत होतं की सासूबाईंच्या गोळ्या द्यायची विसरले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

सकाळी रुचि सामायिकात, तिच्या रोजच्या ध्यानाला, बसली होती. तेवढा वेळ ती फोनला शिवत नाही, तो बाहेर टेबलावर असतो. डोळे उघडे, समोर पुस्तक, मांडी हलायची नाही. म्हटलं, हीच वेळ. कपाटातलं काही शोधल्यासारखं करून समोर गेले आणि फोन धरला. उघडला नाही. तोंडाला मुहपत्ती बांधलेली. नाकाखालचं सगळं त्या पांढऱ्या पट्टीआड गेलेलं, फोन ओळखणार कसा? मी तिथेच उभी. पट्टी बांधली की फोनला ती कुणीच नाही. उद्या ती कायमची बांधेल.

धर्मध्यानात बसलेल्या माणसापुढे फोन नाचवला. लाज वाटली, तरी संध्याकाळपर्यंत पुढचा विचार सुरू झालाच होता.

२२ डिसेंबर, रविवार

आठवडाभर फजितीच चालली आहे. ताटावर बसली असताना धरला तर मान खाली. संध्याकाळी गच्चीवर धरला तर उजेड कमी. एकदा जवळजवळ जमलं होतं, तर मध्ये सासूबाईंनी हाक मारली आणि तिने तोंड फिरवलं. ज्या चेहऱ्याला मी सव्वीस वर्षं तेल-पावडर लावली, तो चेहरा दोन क्षण सरळ मिळू नये?

आज ती सामायिकात असताना तिचा फोन घेऊन कल्याणच्या दुकानात जाऊन आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला म्हटलं, फोन उघडून दे. त्याने फोन हातात घेऊन बघितला. मागच्या कव्हरात रुचिचं कंपनीचं ओळखपत्र होतं.

"काकू, हा ताईचा फोन हाय. तेंचं तोंड लागंल, न्हाई तर आकडे."

"दुसरा काही उपाय?"

"हाय की. समदं पुसून कोरा करून देतो. मंग आतलं काईच राहणार न्हाई."

मला आतलंच तर हवं होतं.

५ जानेवारी, रविवार

उघडला!

सकाळी रुचि खिडकीपाशी केस विंचरत होती. कमरेपर्यंतचे केस. त्यांचं काय होणार आहे ते मी इथे लिहिणार नाही. मी म्हटलं, "तुझा डोळा लाल दिसतोय गं, बघू." फोन माझ्या हातात, पदराखाली. ती जवळ आली. "नीट उघड," म्हटलं आणि फोन पदरातून जरासा बाहेर काढला. तिने डोळे मोठे केले आणि माझ्याकडे न बघता खाली, बरोबर फोनकडेच बघितलं. बघत राहिली. फोन उघडला. नशीब माझं की नजर नेमकी तिकडेच गेली.

"काही नाही, धूळ असेल," म्हणत मी तडक गच्चीवर. मध्येच पडदा अंधारला की जीव जायचा, परत कुलूप पडेल म्हणून सारखं बोट फिरवत होते. एरवी फोन दिसला नाही की घर डोक्यावर घेणारी पोरगी वर यायचं नावच घेईना. केस विंचरायला एवढा वेळ लागला बाई तिला, माझ्या पथ्यावर पडलं.

आधी फोटो बघितले. मीच. मी पापड वाळत घालताना, मी तोंड उघडं टाकून झोपलेली, मी भाजीवाल्यावर बोट रोखलेली, मी पाठमोरी. एक फोटो धड नाही. स्वतःच्या आईचे कुणी असे फोटो काढतं का?

मग निरोप. त्यात सापडलं. सोमेश्वर नावाचा मुलगा, तिच्याच प्रयोगशाळेतला, वडीगोद्रीचा. त्याने सरळ विचारलेलं, आपण लग्न करू. पुन्हा विचारलेलं. हिने लिहिलंय, तू चांगला आहेस, पण माझं ठरलंय. नंबर मी लिहून घेतला.

आणि तिसरं, आवाज भरलेले. किती तरी. त्यावर तिने नावं टाकलेली: मम्मी भाजीवाला. मम्मी दादीच्या गोळ्या. मम्मी नवकार आणि कुकर. मम्मी मिक्सरवरून ओरडते. मम्मी अंबडची नदी. एक लावून बघितलं तर मी सासूबाईंवर खेकसत होते, गोळी गिळा म्हणून. दुसऱ्यात मी आणि हे भांडतोय. ही माझ्याविरुद्ध पुरावे जमवतेय! उद्या महासतीजींना ऐकवणार, बघा, अशा घरात कोण राहील? किंवा माझी सही मिळावी म्हणून पंचांसमोर लावणार. आपल्या पोटची पोरगी असं करते. मी रडत रडत एकेक पुसून टाकलं. एकही ठेवलं नाही.

फोन खाली नेऊन टेबलावर ठेवला. रुचिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "बघितलंस?" मी म्हटलं, "काय बघायचंय? डोळा बरा आहे तुझा." ती थोडं हसली आणि फोन उचलून खोलीत गेली.

९ जानेवारी, गुरुवार

एमआयडीसीच्या गेटजवळ चहाच्या टपरीवर सोमेश्वरला भेटले. घरी सांगितलं, शिंप्याकडे जाते. वर्षभरापूर्वी हे प्रकरण कळलं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. आपली जात कुठली, त्यांची कुठली, खाणं-पिणं काय. आज रिक्षात मी देवाला म्हणत होते, तो अजून तिच्यावर जीव टाकत असू दे.

सरळ नाकाचा, सावळा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मला बघून उभा राहिला. मी प्रस्तावना केलीच नाही. "पुन्हा विचार तिला. आमची हरकत नाही. मी उभी राहीन तुमच्यामागे. मांसमच्छी तेवढी घरात आणू नको."

तो बिचारा चहाचा ग्लास धरून बसला. "काकू, मी माळकरी हाय. पण तो सवालच न्हाई."

"मग काय सवाल आहे?"

"मी बी तुमच्यासारखंच कारण शोधून राह्यलो होतो. माझ्यात काय कमी हाय का, शेती कमी हाय का, जात आडवी आली का. एवढे महिने शोधलं. काईच न्हाई, काकू. ती कशापासून पळून जाऊन न्हाई राह्यली. ती तिकडं चालली, बस."

मला त्याचा राग आला. पुरुषाने इतक्या लवकर हार मानावी? तसं मी बोलूनही दाखवलं. त्याने ऐकून घेतलं. उठता उठता म्हणाला, "एक गोष्ट सांगतो. दिवाळीत मी तिला शेवटचं विचाराला गेल्तो. तवा म्हणली, सगळं सुटलं सोमेश्वर, एकच सुटंना. ते सुटलं न्हाई तर मी दीक्षा घेणार न्हाई, मंग घरीच राहीन. काय ते मात्र सांगितलं न्हाई."

मी रिक्षात बसले ते हसत. एक सुटत नाही! म्हणजे धागा आहे. तो पकडून मी तिला ओढून आणीन.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ कुणी केला, कुणी खाल्ला, मला आठवत नाही. दिवसभर तिच्यावर नजर. काय सुटत नसेल? कपडे तिने वाटून टाकले. पुस्तकं दिली. नोकरीचा राजीनामा दिला. गोडधोड सोडून दोन वर्षं झाली. एखादी वस्तू असेल, ज्याच्याकडे बघताना तिचे डोळे भरत असतील, म्हणून मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. भरलेले दिसले तेही फक्त माझ्याकडे बघताना. माझ्यावर रागच असेल, सही अडवून धरलीय ना.

२७ जानेवारी, सोमवार

सगळे झोपल्यावर लिहायला बसले आहे.

आज मी विचारलंच. वाटाणे सोलत बसलो होतो दोघी. म्हटलं, "एक सुटत नाही म्हणालीस सोमेश्वरला. ते काय गं?"

मी त्याला भेटले हे ऐकून ती चकित झाली नाही. वाटाणे सोलत राहिली. मग म्हणाली, "ते सुटलं, मम्मी. तूच सोडवलंस."

"मी?"

"फोनमधले तुझे आवाज तू पुसलेस ना?"

मी हो म्हटलं. माझा आवाज चढला होता, पुरावे वगैरे बोलायला तोंड उघडलंच होतं.

"बरं झालं. माझ्याच्याने होत नव्हतं. तिकडे फोन नसतो, काही नसतं. म्हणून वर्षभर भरून ठेवत होते. म्हटलं, आधी पोटभर ऐकून घेते, मग पुसते. रोज पुसायला घ्यायचे आणि तू तिकडून काहीतरी ओरडायचीस. ते पुसता आलं नाही तर जायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी तू पदराखाली फोन आणलास तेव्हा मला वाटलं, ऐकेल, कळेल तिला, मग बघू काय होतं. तू खाली आलीस, मी बघितलं तर सगळं कोरं. मला वाटलं, मम्मीने ऐकलं, आणि मला मोकळं केलं."

वाटाण्याचं ताट माझ्या मांडीवरून कधी सांडलं कळलं नाही. कारण शोधत होते मी, कारण! तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट या घरात होती, ती मीच होते, आणि ती मी माझ्या बोटाने पुसली.

२८ जानेवारी, मंगळवार

दुकान उघडायच्या आधीच कल्याणच्या दारात. त्याला हात जोडले. मोठ्या माणसाने हात जोडल्यावर तो घाबरला. म्हणाला, "काकू, आवाज भरायच्या त्या ॲपमंधी कचरापेटी राह्यती. पुसलेलं महिनाभर तिथंच पडून असतं. बिलकुल येतंय परत. फकस्त फोन उघडून आणा जल्दी."

महिना भरायला अजून थोडे दिवस आहेत. तिच्यासमोर एकदा लावीन, मम्मी अंबडची नदी. मग बघू कशी जाते.

२९ जानेवारी, बुधवार

ती तिच्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. उजेड भरपूर, तोंडाला पट्टी नाही, झोप नाही. मी फोन घेऊन समोर उभी राहिले. लपवाछपवी काही नाही. म्हटलं, "रुचि, एकदा इकडे बघ. मला ते परत आणायचंय."

तिला लगेच कळलं. तिने डोळे मिटले.

फोन थरथरला. डोळे उघडे ठेवा. मी परत धरला. मी म्हटलं, "बघ ना बेटा. नुसतं बघायचं तर आहे. आईने एवढंही मागू नये का?"

डोळे घट्ट मिटूनच ती म्हणाली, "नको मम्मी. ते परत आलं आणि मी ऐकलं, तर मी जाणार नाही. तुला माहीत आहे."

तेच तर हवं होतं मला! दोन महिने त्याच्यासाठीच तर धडपडले. आता फक्त उभं राहायचं होतं. किती वेळ डोळे मिटून बसेल पोरगी? पाणी प्यायला उघडेल, पाय मोकळे करायला उघडेल. मी खुर्ची ओढून समोर बसले, फोन तिच्या तोंडापुढे धरून. बाहेर सासूबाई कुणालातरी मांडवाचं सांगत होत्या. माझा हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हाताने धरला. फोन सारखा नाही म्हणत होता.

तिच्या पापण्यांखालून पाणी येत होतं. ते पुसायलाही तिने हात उचलला नाही. मान आखडून, ओठ दाबून बसली होती, कुणीतरी मारणार आहे अशी. मी तिला जन्मात कधी हात लावला नाही. आणि माझी पोरगी माझ्यासमोर डोळे उघडायला घाबरत होती.

मी फोन खाली घेतला आणि पालथा घालून मांडीवर ठेवला. म्हटलं, "उघड. नाही धरत आता."

तिने लगेच नाही उघडले. विश्वास बसेना तिचा. मग उघडले आणि माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मीही बघितलं.

खाली येऊन आज्ञापत्रावर सही केली. ह्यांनी विचारलं, काय झालं. मी कागद त्यांच्या हातात दिला.

२ फेब्रुवारी, रविवार

आज वसंत पंचमी, दीक्षेच्या मांडवात मुंगीला वाट नव्हती. आज्ञापत्र दिलं तरी सभेसमोर तोंडाने पुन्हा विचारतात, आई-वडिलांची आज्ञा आहे का. ह्यांच्या हातात माइक दिला. दोन महिने पुण्य पुण्य म्हणणारा माणूस, तोंडातून शब्द फुटेना. माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मग ते मटकन खालीच बसले.

माइक त्यांच्या हाताखाली अडकलेला. मला तो सोडवत बसवेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, "आहे. आमची आज्ञा आहे."

मिक्सरवरून ओरडते ना मी, तसंच म्हटलं. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं, सगळ्यांनी सांगितलं. रुचि समोरच बसली होती. मान खाली, डोळे मिटलेले. ऐकत होती.